पाय दिला की अडखळायची

आमची शेव्हर्ले १९५१ ची. एक टनी ट्रक. पुढचं नाक कारखान्याचं, मागचा लाकडी हौदा इथल्याच सुतारानं बांधलेला. शेव्हर्ले बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ते काम बंद झालं, म्हणजे ही तिथल्या अखेरच्या वर्षांतली गाडी. आजोबांच्या काळात हिनं गुऱ्हाळावरून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे रवे वाहिले. नंतर बरीच वर्षं ती शेडमध्ये पडून होती. मी तिला पुन्हा रस्त्यावर आणली, आणि आता दिवाळीनंतर ते पाऊस सुरू होईपर्यंत ती अधूनमधून फिरते. इंजिन मूळचंच आहे: २१६ घनइंची, म्हणजे साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत, रॉचेस्टरचा एका नळीचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) आणि सहा व्होल्टची बॅटरी.

यंदा पाऊस उघडल्यावर बाहेर काढली तर नवीनच दुखणं. सेल्फ मारला की सुरू होई. स्लोवर, म्हणजे पाय न देता, इतकी शांत चाले की बोनेटवर पाण्याचा पेला ठेवावा. पण एक्सलेटरवर पाय दिला की क्षणभर सगळं थांबल्यासारखं होई, कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येई, आणि मग भानावर येऊन गाडी पुढे झेप घेई. सपाटीवर हे सहन होतं. चौकात सिग्नल सुटल्यावर मागे केएमटीची बस हॉर्न वाजवत असताना होत नाही.

जुनी गाडी बिघडली की सल्ल्यांना तोटा नसतो. ‘कार्बोरेटर काढून मारुतीचा बसव’ हा सगळ्यात आवडता सल्ला. दुसरा म्हणजे ‘पेट्रोलमध्येच राम राहिला नाही’. यातल्या दुसऱ्यात तथ्य आहे, त्याकडे पुढे येतो. मला मात्र कुठलाही भाग बदलायच्या आधी एक गोष्ट हवी होती: अडखळणं नेमकं कधी होतं ते. पाय पडता पडता, की पाय पडून गेल्यावर? गाडी उभी असताना रेस दिली तरी, की फक्त ओझं ओढताना? गार इंजिनवर, की गरम? हे प्रश्न सोपे वाटतात, पण गाडी चालवताना त्यांची उत्तरं देता येत नाहीत, कारण लक्ष रस्त्यावर असतं. म्हणून मी चुलतभावाला चाकावर बसवलं आणि स्वतः बाजूला वही घेऊन बसलो. निष्कर्ष असा निघाला की उभ्या गाडीतही होतं, गरम इंजिनवरही होतं, आणि होतं ते पाय हलत असतानाच. पाय एका जागी ठेवला की गाडी बहुतेक वेळा ठीक. क्वचित सरळ रस्त्यावर एका वेगानं जाताना हलका झटका बसे. त्याला आम्ही तेव्हा फारसं महत्त्व दिलं नाही, पण वहीत लिहून ठेवलं.

आमच्याकडे या गाडीचं सगळं बघतात ते चाचा. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचे उस्ताद एसटीत होते आणि बेडफर्डच्या पेट्रोल इंजिनांवर त्यांचा हात बसलेला होता. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला जी पहिली एसटी गेली ती बेडफर्डच होती. बेडफर्डही जनरल मोटर्सच्याच घरची, त्यामुळे दोन्ही इंजिनांच्या स्वभावात बरंच साम्य. चाचा शेव्हर्लेशी बेडफर्डच्या भाषेत बोलतात आणि तिला ते कळतं.

कार्बोरेटरकडे माझा हात जातोय असं दिसताच ते म्हणाले, “बाळ, आधी करंट बघायचा. कारबुरेटर कुठं पळून जात न्हाई.”

मग करंट बघितला. प्लग काढले, सहाही तपकिरी, थोडे फिकटच. प्लगच्या वायरी अंधारात चालू इंजिनवर बघितल्या, कुठे ठिणगी गळत नव्हती. डेल्कोचं, म्हणजे सहा प्लगना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, टोपण उघडून रोटर आणि पितळी टोकं पुसली, पॉइंटवरचे खड्डे घासून फिलर गेजनं फट लावली, कंडेन्सर नवा टाकला. सहा व्होल्टच्या गाडीत अर्थिंगची एक सैल जोडणी बाराच्या गाडीपेक्षा जास्त त्रास देते, कारण तेवढंच काम करायला दुप्पट करंट वाहावा लागतो. म्हणून बॅटरीची पट्टी चॅसीला आणि इंजिनला जिथे जिथे टेकते तिथला रंग खरवडून काढला. कॉइलची मधली वायर ब्लॉकजवळ धरली तर निळी, टणटणीत ठिणगी. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, फ्लायव्हीलवर बघायचं असतं: चाकात एक पोलादी गोळी दाबून बसवलेली आहे आणि घरावर छोटी खिडकी आहे. दिव्याच्या उजेडात गोळी खुणेवर बरोबर दिसली. वर टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, लावून घेतले, गरम इंजिनवर इनलेटला ०.००६ आणि एक्झॉस्टला ०.०१३ इंच.

एवढं करून अडखळणं जसंच्या तसं. चाचांनी हात पुसले आणि म्हणाले, “करंट चोख. आता उघड तुझा कारबुरेटर.”

उघडण्याआधी एक तपासणी फुकटात होते. इंजिन बंद करायचं, एअर क्लीनर काढायचा, चोक पूर्ण उघडा ठेवायचा आणि नळीत डोकावत थ्रॉटलचा दांडा हातानं झपकन ओढायचा. पेट्रोलची बारीक, ठसठशीत पिचकारी आत उडायला हवी. आमच्याकडे उडाली ती पिचकारी नव्हती. दोन थेंब भिंतीवरून ओघळले, बस्स.

ही पिचकारी कशासाठी ते सांगायला हवं. थ्रॉटलची पाकळी अचानक उघडली की हवा तत्काळ आत घुसते. पेट्रोल जड, ते जेटमधून निघून हवेच्या वेगाला येईपर्यंत जरा वेळ जातो. तेवढ्या वेळात मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, नीट पेटत नाही, आणि आग कधी कधी उलटी कार्बोरेटरकडे येते. तोच तो ‘फट्’. ही उणीव भरायला कार्बोरेटरच्या वाटीत एक छोटा पंप असतो. पाय पडला की त्याचा दट्ट्या खाली जातो आणि तेवढ्यापुरतं जादा पेट्रोल फेकतो. दट्ट्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर. ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना हा वायसर वेगळा ओळखून द्यायला नको. तो वाळला की पंप कितीही मारा, हवा भरत नाही, आणि मग आई खोबरेल तेलाचं बोट लावून त्याला पुन्हा फुगवायची. इथेही तोच प्रकार होता. पावसाळाभर गाडी उभी, वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं, चामडं वाळून आखडलेलं.

तेल लावून ते थोडं सैलावलं, पण कडा झिजलेल्या होत्या. परदेशातून किट मागवता येतो, त्यात काही अवघड नाही. पण कोल्हापुरात राहून चामड्याच्या वाटीसाठी बोट-विमानाची वाट बघायची हे मनाला पटेना. जुना दट्ट्या खिशात घालून चप्पल लाईनला गेलो. तिथल्या एका मामांनी तो उलटसुलट करून बघितला, ‘हे कुठल्या पायात घालायचं?’ असं विचारलं, आणि वेणीला वापरतात त्या बकऱ्याच्या पातळ चामड्याचा तुकडा काढला. तो कोमट पाण्यात भिजवला. मी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून पंपाच्या विहिरीच्या मापाची पितळी भोकाची चकती आणि त्यात बसेल असा लाकडी खुंटा करून घेतला होता. ओलं चामडं भोकावर ठेवून खुंट्यानं आत दाबलं आणि तसंच सावलीत वाळू दिलं. वाळल्यावर कडा धारदार पात्यानं एकसारख्या कापल्या. मग एरंडेलात मुरवलं. एरंडेल अशासाठी की पेट्रोलात ते सहज विरघळत नाही. अल्कोहोलात विरघळतं, आणि हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल आहे, त्यामुळे हे तेल कायम टिकेल असं नाही. पण गाडी नियमित फिरली तर चामडं पेट्रोलातच भिजलेलं राहतं आणि तेलाची गरज पडत नाही.

कार्बोरेटर उघडलेलाच होता म्हणून वरचं झाकण काचेवर पालथं ठेवून बघितलं. या रॉचेस्टरची ती जुनीच खोड: स्क्रू आवळून आवळून झाकणाच्या कडा वाकतात आणि मध्ये फट राहते. त्या झाकणातूनच पॉवर पिस्टनकडे (ओझ्यावर जादा पेट्रोल सोडणाऱ्या भागाकडे) जाणारी व्हॅक्युमची, म्हणजे इंजिनच्या ओढीची, वाट आहे, त्यामुळे फट राहिली की ओझ्यावर मिश्रणाचा हिशोब बिघडतो. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून झाकण आठ आकड्यात फिरवत घासलं, नवं पॅकिंग कापलं, पंपाच्या खालच्या दोन्ही गोळ्या काढून बैठका स्वच्छ केल्या. फ्लोटची उंची लावली. जोडून पुन्हा दांडा ओढला तर पिचकारी अशी उडाली की चाचा मागे सरकले.

आता खरी गंमत.

गाडी सुरू केली आणि पाय जोरात दाबला. एकदम साफ. इंजिन गुरगुरत वर गेलं, ना ‘फट्’, ना अडखळणं. भावानं तिथल्या तिथे चहा सांगितला. चहा येईपर्यंत मी सहज, बोटानं, दांडा अगदी हळू उघडत होतो, आणि इंजिन अडखळलं. पुन्हा केलं, पुन्हा अडखळलं. जोरात ओढला तर काही नाही. हळू ओढला की स्लोवरून उठताना, अगदी पहिल्या चिमटीत, ठेच.

हे उफराटं होतं. पंप कमजोर असेल तर जोरात दाबल्यावर त्रास व्हायला हवा, कारण पंपाची गरज तेव्हाच असते. हळू उघडताना पंपाचं काम जवळजवळ नसतंच. म्हणजे दुखणी दोन होती आणि मोठ्या दुखण्याच्या आवाजात धाकटं ऐकू येत नव्हतं.

हळू उघडताना अडखळण्याची नेहमीची कारणं मोजकी. एक, पाकळीच्या कडेला असलेली बारीक भोकं तुंबणं. स्लो सर्किटमधून मुख्य जेटकडे जाताना याच भोकांतून पेट्रोल मिळतं. ती नुकतीच साफ केली होती आणि हवा मारली तर मोकळी होती. दोन, कुठूनतरी फुकट हवा ओढली जाणं. व्हॅक्युम गेज लावला, काटा स्थिर, पाऱ्याच्या १७ इंचांच्या आसपास. पुस्तकात याहून थोडा जास्त आकडा दिसतो, पण तो समुद्रसपाटीचा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. म्हणजे काटा योग्य जागी होता. तरी मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) पॅकिंगवर, कार्बोरेटरच्या बुडाशी, व्हॅक्युमवर चालणाऱ्या वायपरच्या नळीवर ब्रशनं ऑइल लावत गेलो. हवा खेचली जात असेल तर ऑइल आत ओढलं जातं आणि इंजिनचा सूर बदलतो. सूर बदलला नाही. टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या एसी पंपाची काचेची वाटी भरलेली, तळाला पाणी नाही.

इथे मी वही पुन्हा उघडली. ‘सरळ रस्त्यावर एका वेगानं जाताना क्वचित झटका.’ पेट्रोलचं दुखणं सहसा असं टिचकी मारून जात नाही. ते हळूहळू येतं आणि हळूहळू जातं. टिचकी मारते ती वीज. पण वीज तर चोख होती.

चोख होती म्हणजे कधी? आम्ही सगळी तपासणी इंजिन बंद असताना किंवा स्लोवर केली होती. स्लो आणि पाय किंचित दिल्यानंतरचा क्षण, यांच्यात विजेच्या बाजूला काय बदलतं? या इंजिनात एक गोष्ट बदलते. डेल्कोला व्हॅक्युमचा डबा जोडलेला आहे आणि त्याची नळी कार्बोरेटरमध्ये जिथे उघडते ते भोक बंद पाकळीच्या किंचित वर आहे. स्लोवर त्याला ओढ लागत नाही. पाकळी जराशी उघडली की भोक तिच्याखाली येतं, ओढ लागते, डबा डेल्कोला खेचतो आणि ठिणगी लवकर पडते. पूर्ण दाबलं तर मॅनिफोल्डमधलाच व्हॅक्युम पडतो, आणि डेल्को फारसा हलत नाही. जोरात साफ, हळू दाबलं की ठेच: हे कोडं एका वाक्यात सुटत होतं.

चाचांना सांगितलं. त्यांनी काही न बोलता डेल्कोची नळी उपसली आणि तिच्या कार्बोरेटरकडच्या टोकात एक स्क्रू खुपसला. “आता हळू दे.” हळू दिला. साफ. पुन्हा पुन्हा दिला, साफ. नळी लावली, ठेच हजर.

पुढचा प्रयोग चाचांचा. इंजिन स्लोवर चालू ठेवून त्यांनी डब्याकडून येणारा नळीचा तुकडा तोंडात धरला आणि हवा ओढली. या इंजिनाची खासियत अशी की इथे आतली पॉइंटची पट्टी फिरत नाही, अख्खा डेल्कोच आपल्या बैठकीत काही अंश फिरतो. तो फिरला, आणि टायमिंग पुढे गेल्यानं इंजिनचा वेग वाढायला हवा तिथे ते खोकलं. चाचांनी श्वास सोडला, डेल्को मागे आला, इंजिन सावरलं.

डेल्को फिरतो म्हणजे कॉइलकडून त्याच्या अंगाला येणारी वायरही दर वेळी वाकते. ती सुटी केली. कुणीतरी मागे वायरिंग करताना तिथे घरगुती फिटिंगची एकेरी जाड तार टाकली होती, वरून काळं वेष्टण, दिसायला नवी. दोन बोटांत धरून वाकवली तर टर्मिनलजवळ आत काहीतरी मऊ लागलं. वेष्टण चिरलं: तांबं तुटलेलं, आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकून बसलेली. गाडी स्लोवर असताना ती टेकलेलीच राहायची, म्हणून टणटणीत ठिणगी मिळत होती. डेल्को हलला की क्षणभर सुटायची, मग नव्या जागी पुन्हा टेकायची. खराब रस्त्यावर हादऱ्यानंही सुटत असणार, म्हणजे वहीतला तो क्वचितचा झटका.

एकेरी तार जागेवर स्थिर असेल तर वर्षानुवर्षं टिकते. रोज हजारदा वाकायचं काम तिला दिलं की तुटते. तिथे पुष्कळ बारीक तारांची लवचीक वायर हवी. वायरमनकडून तशी आणली, थोडी लांब ठेवून मोकळा वळसा दिला आणि टर्मिनल फक्त दाबून बसवलं. सोल्डरचा डाग मुद्दाम टाळला, कारण कथील तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि पुढे नेमका तिथेच तुकडा पडतो. डेल्कोची बैठकही काढून साफ केली. जुनं ग्रीस वाळून चिकट झालं होतं, त्यामुळे तो फिरायचा तोही धक्क्यानं. नव्या तेलावर तो इतका हलका झाला की नळी तोंडात धरून अर्धा श्वास घेतला तरी फिरतो.

मग पन्हाळ्याच्या रस्त्याला निघालो. वाघबीळचा चढ या गाडीची परीक्षा बघतो, कारण तिथे टॉप गिअर सोडावा की ओढून न्यावा या विचारात पाय सतत वरखाली होत असतो, आणि दोन्ही दुखण्यांना तेच हवं असतं. हौद्यात वजनासाठी वाळूची पोती होती. गाडी एकदाही अडखळली नाही. वरच्या एका लांब वळणावर पूर्ण दाब देऊन चढताना मात्र थोडा दम कमी वाटला. खाली आल्यावर प्लग काढले तर अजून फिकटच, म्हणजे मिश्रण अजून पातळ.

ते पेट्रोलचं. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, आणि आता पंपावर सर्रास तेच मिळतं. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाची मळी त्यात कुठेतरी असणार, त्यामुळे तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची! एक किलो पेट्रोलला जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, इथेनॉलला नऊ. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं तरी इंजिनला ते अपुरं पडतं, आणि १९५१ च्या कार्बोरेटरला हे ओळखून जादा देण्याची सोय नाही. मुख्य जेट एक नंबर मोठा घालावा असं माझं मत. चाचांचं मत, आधी फ्लोट किंचित वर घेऊन बघावं, भोक मोठं करणं सोपं असतं, लहान करणं नाही. सध्या फ्लोट वर घेतला आहे. एसी पंपाच्या अलीकडची रबरी नळी इथेनॉलला टिकणारी बसवली, आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करण्याआधी कार्बोरेटरची वाटी कोरडी होईपर्यंत इंजिन चालवायचं की उलट दर आठवड्याला सुरू करून चामडं ओलं ठेवायचं, यावर आमचा वाद चालू आहे. चप्पल लाईनच्या मामांनी त्याच तुकड्यातून आणखी काही वाट्या करून दिल्यात. त्या एरंडेलाच्या डबीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवल्या आहेत.